शेंदराखालचा देव

"महाराज, देव लेकराला विष देईल का?"

हेरंबने हे उभ्या उभ्याच विचारलं. सोमगिरी महाराज म्हसोबाच्या ओट्यावर बसून तेलात शेंदूर कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंब त्यांचा शिष्य, रसायनशास्त्राचा एम.एस्सी. हे मठातल्या गाईलासुद्धा ठाऊक होतं, कारण तिला चारा टाकतानाही तो ते सांगायचा.

"देव कशाला देईल?" महाराज म्हणाले.

"मग तुम्ही दिलंत."

महाराजांचा हात थांबला…

हेरंबच्या मागे सगुणा उभी होती. कडेवर तिचा मुलगा बिरू. त्याचं पोट सारखं दुखायचं, अन्न तुटलं होतं, अंगाचा नुसता सापळा झाला होता. तालुक्याच्या डॉक्टरांना त्याच्या रक्तात शिसं सापडलं, पण ते आलं कुठून ते कळेना. हेरंबने म्हसोबाचा चिमूटभर शेंदूर प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि कोडं सुटलं.

दर अमावास्येला सगुणा पोराला घेऊन यायची. महाराज देवाच्या अंगावरचा शेंदूर त्याच्या कपाळी लावायचे, वर घरी न्यायला पुडी द्यायचे. पोरगं कपाळ पुसायचं आणि बोटं चोखायचं. ते आजारी पडल्यापासून तर सगुणा बिचारी रोज लावत होती.

"डॉक्टर म्हणतात, पोर सुधारेल," हेरंब म्हणाला. "पण हे पोटात जाणं आजच्या आज थांबलं पाहिजे."

तो भांडायच्या तयारीनं आला होता. परंपरेवर काय बोलायचं, श्रद्धेवर काय बोलायचं, सगळं पाठ होतं.

महाराज उठले. शिष्यापुढे वाकले आणि हात जोडले.

"उपकार झाले, बाबा."

हेरंबची सगळी तयारी वाया गेली.

महाराजांनी सगुणेला पोरासकट लांब बसवलं. नाकाला उपरणं बांधलं, देवाच्या अंगावर पाणी ओतलं आणि उलथनं हातात घेतलं.

सगुणा तिथूनच कळवळली. "नगा महाराज. देव कोपंल. माझं पोरगं आधीच असं…"

"कोपला तर माझ्यावर कोपेल, पोरी. हात माझा होता."

शेंदराची खोळ ढलप्या ढलप्यांनी सुटू लागली. कैक पिढ्यांनी चढवलेली ती. पुन्हा पुन्हा ओली करून काढावी लागली. दुपार कलली तेव्हा खालचा काळा दगड दिसला. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते. सगुणेनं तरीही पदर सावरून नमस्कार केला.

हेरंबने ढलप्यांची बादली उचलली आणि तो वाटेला लागला.

"कुठं?"

"नदीवर. देवाचा उतरलेला शेंदूर विसर्जन करून येतो."

महाराजांनी नुसतं नदीच्या खालच्या अंगाकडे पाहिलं.

हेरंबने बादली हळूच खाली ठेवली. खालच्या अंगाला तीन वाड्या त्याच नदीचं पाणी पीत होत्या. त्याचे कान लाल झाले. एम.एस्सी.चा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

"चुकत होतो, महाराज."

"तू फक्त निघाला होतास. मी आजवर कितीदा सोडून आलोय." महाराजांनी झाकणाचा डबा पुढे केला. "ह्यात भर. ह्याचं काय करायचं ते जाणत्या माणसाला विचारून ये."

मग त्यांनी साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. सगुणा चुळबुळत जवळ आली. एवढ्या लांबून येऊन पोराला मोकळ्या कपाळानं घरी न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"महाराज, आता ह्येच्या कपाळाला काय लावू?"

महाराजांनी धुतलेला अंगठा बिरूच्या कपाळावर टेकवला.

बिरूने सवयीनं कपाळावरून हात फिरवला आणि बोटं तोंडात घातली. सगुणेनं झटकन त्याची बोटं ओढून बघितली. मग कपाळ बघितलं.

"हितं तर काहीच न्हाई, महाराज."

महाराजांचे डोळे भरून आले होते. ते देवाकडे वळले.

"त्याबद्दलच आभार मानतोय, पोरी."