भिंतीवरचं थालीपीठ

एकदा एक बातमी पिठाच्या गिरणीत अर्धीच ऐकू आली. "अगं, गुरुजींनी म्हणे शाळेची भिंत त्या पाकीटवाल्या कंपनीला..." सरूबाईंचं पुढचं बोलणं गिरणीच्या घरघरीत बुडालं. पण जयमालाला ऐकलं तेवढं पुरे होतं.

जयमाला गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी. लहानपणी याच गुरुजींच्या हाताखाली शिकलेली. अजूनही काही अडलं की त्यांच्याकडेच जायची. आणि सध्या तिचं घरातच अडलं होतं. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीचं, ईश्वरीचं वजन शाळेच्या तपासणीत चौदा वर्षांच्या मुलीइतकं भरलं होतं. खो-खोत तिला दोन चकरांत धाप लागायची. "आत्ताच आवरा, नाहीतर साखरेचं दुखणं लवकर मागे लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून महिन्यापूर्वी जयमालाने शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने यादी रंगवली होती. वर मोठ्या अक्षरांत 'हे खाऊ नका'; खाली वेफर्स-बिस्किटांच्या एकेका पाकिटाचं नाव, शेजारी हुबेहूब चित्र आणि त्यावर फुली.

दळण तिथेच टाकून ती शाळेकडे धावली. पाहते तो यादीवर चुना फिरलेला! शिडीवर कंपनीचाच रंगारी. हायवेकडची सारी घरं त्यानेच पाकिटांच्या जाहिरातींनी रंगवलेली. खाली खुर्ची टाकून गुरुजी शांत बसले होते.

"गुरुजी, काय केलंत हे? माझ्या लेकीसाठी लिहिलं होतं मी!"

"आधी बस. तुझी यादी कुणी वाचली, ठाऊक आहे?"

"कुणी?"

"सगळ्या पोरांनी. दुकानात जाऊन सांगतात, 'भिंतीवरचं तिसरं द्या.' पहिलीतल्या लेकरांना वाचता येत नाही, पण तुझ्या चित्रांवरून पाकिटं पाठ झाली."

रंगारी शिडीवरून हसला. तोही गुरुजींचाच विद्यार्थी. "ताई, माझ्यापेक्षा झकास जाहिरात केलीत की!"

जयमाला आता कुठे खाली बसली.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ती कंपनीवाली मंडळी लेकरांना पदार्थ दाखवतच नाहीत, मौज दाखवतात. पाकीट फुटलं की मित्र जमतात, गाणं वाजतं. आणि आपण काय दाखवतो? फुली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुझी आई दारातून हाक मारायची, आठवतं?"

आठवत होतं तर! तव्यावर चरचरणारं थालीपीठ, बोळभर पसरलेला खमंग वास, चुलीभोवती गल्लीतली सहा-सात पोरं आणि पहिलं कुणाला यावरून जुंपलेली. मधल्या भोकाशी बोराएवढी लोण्याची गोळी विरघळायची. पौष्टिक हा शब्द तेव्हा त्या घरात कुणी उच्चारलाही नव्हता.

"आपण ती हाक मारायची थांबवली," गुरुजी म्हणाले, "म्हणून लेकरं दुसऱ्याच्या हाकेला गेली. त्यांना नुसतं अडवून भागायचं नाही. परत बोलवावं लागेल."

दुपारपर्यंत भिंतीवर भलंमोठं थालीपीठ उमटलं, भोवती ढकलाढकली करणारी पोरं. रंगारी कंपनीचा होता आणि डब्यांतला उरलेला लाल-पिवळा रंगही पाकिटांचाच. बातमी खरी होती ती एवढीच. भिंत शाळेचीच राहिली.

शाळा सुटल्यावर ईश्वरी चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"आई, ही का भांडतायत?"

"पहिलं कुणाला मिळणार म्हणून."

"मग कुणाला मिळालं?"

हे चांगलं असतं का, याने वजन उतरतं का, असं काही लेकीने विचारलंच नाही, हे जयमालाच्या ध्यानात आलं. तिने ईश्वरीचा हात धरला आणि घरी जाता जाता बोळातल्या चार पोरांनाही मोठ्याने हाक मारली.