पिरॅमिडच्या पोटातला खांब

एकदा काय झालं, नाईल नदीकाठी कुश नावाच्या देशात मलेतारी नावाची म्हातारी राणी होती. तिला आपला पिरॅमिड बांधून घ्यायचा होता. पिरॅमिड म्हणजे दगडी समाधी, बरं का. कुशातले पिरॅमिड निमुळते, उभेच्या उभे.

तकीदे गवंडी कामाला लागला. पण दगड वर चढेनात. त्यानं वाळूचा उतार केला, तो वाऱ्यानं नेला. मग दोरानं ओढले, दोर तुटले. मग त्याला शबेती दिसली. ही एकटी बाई नदीकाठी ज्वारी करायची. पाणी काढायला तिनं उभ्या खांबावर आडवं लाकूड बांधलं होतं, एका टोकाला पोहरा, दुसऱ्याला धोंडा. धोंडा खाली गेला की पाणी आपसूक वर.

तकीदे म्हणाला, "मावशी, तुझा खांब दे. ज्वारी पोटरीला यायच्या, कणसं धरायच्या आत परत आणतो."

"गवंड्याचा शब्द म्हणजे वाळूवरची रेघ," शबेती म्हणाली. पण राणीचं काम, म्हणून दिला. तिकडे एवढं सरळ लाकूड सहज मिळत नसे.

मग खांब मधोमध रोवला. पोहऱ्याच्या जागी दगड बांधून भराभर वर चढवले. भोवती पिरॅमिड उभा राहिला, आणि खांब राहिला आत. काढायचा कसा, हे कुणी योजलंच नव्हतं. दहा गडी ओढून थकले. तेल ओतलं, हलला नाही. मग हत्ती जुंपला. हत्ती कुठून आला? होते तिकडे. तर शेंड्याचा दगडच डुगडुगला.

इकडे ज्वारीनं माना टाकल्या. शबेती तडक राणीपुढे गेली. तकीदेनं खाली मान घालून सांगितलं, की पिरॅमिड फोडावा लागेल.

राणीनं कारभाऱ्याला हाक मारली. मग म्हणाली, "माझ्या नावेची डोलकाठी हिला द्या."

कारभारी म्हणाला, "मग बाईसाहेब, नाव चालायची कशी?"

"आता मला कुठे जायचंय? जायचंय तिथे नाव लागत नाही."

त्याच दिवशी तकीदेनं डोलकाठी शेतात रोवली. पाणी चढलं, ज्वारी उभी राहिली. शबेतीनं पहिली भाकरी राणीला नेली. राणी म्हणाली मीठ कमी आहे, आणि सगळी खाल्ली. पुढे सगळी सुखानं राहिली.

आणि तो खांब? पिरॅमिडच्या पोटात गप्प उभा आहे. दगडांचं पांघरूण घेऊन. तुम्हीही घ्या आपापलं, आणि मिटा डोळे.