हिरव्यातला निळा

"हा रंग कशाचा?"

दस्तगीरचाचांनी आधी मशीनचं बटण बंद केलं, मग विचारलं. हातात पांढरा कप, कपात टाकीतलं पाणी.

मिरजेत आमच्या दारासमोरच चाचांचं मुलाम्याचं दुकान. पितळेवर निकेल चढवून देतात. मी समई न्यायला गेले होते. ती केव्हाच मिळाली होती, पण पाय निघेना.

"निकेलचा," अभिनंदन म्हणाला. पोरगा एम. एस्सी. झालेला, आठ महिने चाचांच्या हाताखाली. आज पहिल्यांदाच काम एकट्यानं लावलं होतं. "पाण्यात उतरलेलं निकेल उजेडातले काही रंग गिळतं. उरतो तो हिरवा."

"म्हणजे गिळलं ते दिसत नाही. उरलं ते दिसतं."

"हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं चाचा तुम्हाला."

बाकावर बजरंग ऐवळे बसले होते, बँडवाले. टाकीत त्यांचा पितळी ट्रम्पेट बुडालेला. वडिलांचा. संध्याकाळी वरात होती आणि दुसरा ट्रम्पेट नव्हता.

चाचांनी कप दाराच्या उजेडात धरला.

"नीट बघ."

...

"निळसर वाटतंय जरा," मीच म्हणाले. राहवलंच नाही.

अभिनंदन हसला. "काकू, तुम्ही समई बघा की."

"वहिनी बरोबर बघतायत," चाचा म्हणाले. "निळा कशाचा?"

"तांब्याचा."

"टाकीत तांबं कुणी घातलं?"

"कुणी नाही. आत निकेलच्या पट्ट्या आहेत, आणि..."

तो थांबला. पितळेत तांबं असतं, एवढं तर मलाही ठाऊक आहे.

त्याचा हात टाकीकडे गेला. चाचांनी मनगट धरलं.

"आधी सांग. कोण कुठं जातं?"

"धातूचे आयन ऋण टोकाकडे जातात. वस्तू तिथं टांगायची. पट्टीचं निकेल पाण्यात सुटतं आणि वस्तूवर येऊन बसतं."

"आणि वस्तू धन टोकाला लागली तर?"

बजरंग उठून उभे राहिले.

"तर... वस्तूच सुटते पाण्यात."

"नव्या मशीनच्या दोन्ही वायरी काळ्या, धन कुठली अन् ऋण कुठली ते कळत नाही. आधी जुना चमचा टांगून बघायचा, त्याच्यावर निकेल बसतंय का. टांगलास?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, ज्यांना शास्त्र येत नाही त्यांना चमचा लागतो."

चाचांनी मनगट सोडलं.

"काढ."

ट्रम्पेट बाहेर आला. लालसर, खरखरीत. भोंग्याची कड पानासारखी पातळ झालेली. बजरंगांनी तो पुसला, ओठांना लावला, डोळे मिटून फुंकला. सूर निघाला.

"वाजतोय," अभिनंदन म्हणाला.

बजरंग भोंगा कलता करून त्यावर बोट फिरवत राहिले. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"काय शोधताय?" अभिनंदननं विचारलं.

"नाव होतं इथं. गोविंदा ऐवळे."

...

"मी कोरून आणतो," अभिनंदन म्हणाला. "आत्ता जाऊन आणतो, संध्याकाळच्या आत."

"खिळ्यानं ठोकलेलं होतं," बजरंग म्हणाले. "वडलांना तेवढंच लिहिता यायचं."

ट्रम्पेट छातीशी धरून ते पायरी उतरून गेले. मी समई उचलली आणि परत खाली ठेवली.

अभिनंदन टाकीकडे वळला. मग खाली वाकला, तोटीखाली बादली सरकवली.

"पाणी बिघडलं, चाचा. ओतून देतो."

"कुठं ओतणार?" चाचा म्हणाले. "त्यात गोविंदा ऐवळे आहे."