समीक्षकाचा एकच प्रश्न

“पण माई, शेवटी आई मुलाला क्षमा करते की नाही?”

माई दिघे ओटीवर बसून शेवग्याचा पाला निवडत राहिल्या.

सदानंद नेर्लेकरांनी कपाळावरचा घाम पुसला. वीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहिणारा माणूस. भले भले लेखक त्यांच्या लेखणीला वचकून असत. माईंच्या कादंबरीनं मात्र त्यांच्या जिवाला चैन पडू दिली नव्हती. त्यांनी तिच्यावर पानभर कौतुक लिहिलं, आणि छातीठोकपणे लिहिलं की आईनं क्षमा केली.

छापून आल्यापासून मनात पाल चुकचुकत होती. शेवटी मुलाखतीचं निमित्त काढून, रेकॉर्डर घेऊन त्यांनी माईंचं गाव गाठलं.

“तुम्ही काय लिहिलंत?” माईंनी विचारलं.

“क्षमा केली, असं.”

“कशावरून?”

“मुलगा अंगणात येतो. ती न बोलता आत जाते. पण दार लावत नाही.”

“उकडत असेल तिला.”

नेर्लेकरांचा चेहरा उतरला. “असं कसं, माई...”

माईंनी पदराला हात पुसले. कोनाड्यातली कादंबरी काढून त्यांच्यापुढे धरली.

“शेवटचं पान वाचा. मोठ्यानं.”

नेर्लेकर वाचू लागले. आवाज कमावलेला, सभा गाजवणारा.

“‘तो अंगणात उभा राहिला. जेवलास का, एवढंही तिनं विचारलं नाही. तिचे केस पार पांढरे...’”

पुढचा शब्द फुटेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडकले.

“तुमच्या आई असतात कुठं?”

“...आजऱ्याला.”

“कधी गेला होतात?”

नेर्लेकरांनी हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला.

“नऊ वर्षं झाली. भांडून निघालो होतो. मग आज जाऊ, उद्या जाऊ...”

परसात कोंबडी कलकलली आणि थांबली.

“आता तिला नीट दिसतही नाही म्हणतात,” नेर्लेकर पुटपुटले. मग एकदम पुढे सरकले. “माई, तुम्हीच लिहिलीय ती. तुम्हाला ठाऊक असणार. केली ना हो तिनं क्षमा?”

माईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मिटलं.

“मी लिहिलं तेव्हा केली नव्हती. आता आजऱ्याला जाऊन तिलाच विचारा.”