बाबालाल मिस्त्रीचा ओळंबा

फार वर्षांपूर्वी, हिवरखडीत मोटारीचा धूर अजून कुणी हुंगलाही नव्हता, तेव्हा गावात बाबालाल मिस्त्री सायकली नीट करायचा. पण त्याची रीत उलटी. सायकलीला हात लावण्याआधी तो माणसाला मोजायचा. टाच पॅडलवर टेकवायला लावायचा, गुडघ्यावरून दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडायचा आणि म्हणायचा, "सायकल बरी हाय, तू वाकडा बसतोस." असं म्हणतात, की नुसत्या पावलांच्या आवाजावरून तो कुणाची सीट किती बोटं वर हवी ते सांगायचा. खरं-खोटं बाबालाल जाणे.

त्याच गावात केरबा चौगुले टपाल वाटायचा. त्याची सायकल म्हणजे रेसची, अस्सल पोलादी, थोरल्या भावाची. भाऊ ज्ञानू ताडमाड उंच, पंचक्रोशीतल्या शर्यती मारलेला, आणि तापात तीन दिवसांत गेलेला. केरबा त्याच्या खांद्याला लागायचा. तरी ज्ञानूने लावलेली सीट त्याने अकरा वर्षं हलवू दिली नाही. पाय पॅडलला पुरत नसत. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल धरताना अंग इतकं ताणलं जाई, की तीन मैलांत हातांना मुंग्या यायच्या आणि गुडघे धरायचे. मग पठ्ठ्या सायकल हातात धरून चालत टपाल वाटायचा.

बाबालाल म्हणायचा, "केरबा, पोलाद दगडधोंडं सोसतंय. पर बसणाराच अवघडलेला असंल, तर त्येनं काय करावं?"

"दादाची सीट हाय. पाना लावलास तर बघ!" केरबा डाफरायचा. हट्टाला औषध नसतं.

एका श्रावणात नऊ दिवस पाऊस खळला नाही. दहाव्या दिवशी दुपारी तळ्याचा राखणदार बोंबलत आला. वरच्या तळ्याच्या बांधाला भेग गेली होती. बांध फुटला की पाणी थेट कोंडमळीवर जाणार होतं. तिथे चाळीस घरं, आणि त्यातल्या एका घरात केरबाची लेक सोना, पदराखाली तान्हं लेकरू घेऊन. रस्ता नऊ मैलांचा, मध्ये खिंड. बैलगाडी पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. गावात घोडा एकच, पाटलाचा, आणि तोही लंगडा.

केरबाने सायकलवर टांग टाकली. तोच बाबालालने पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं.

"उतर. आधी माप."

गाव खवळलं. "मिस्त्री, याड लागलं का? बांध फुटतुया!" कुणीतरी काठीही उगारली. बाबालाल हलला नाही.

"ह्या सीटवर तू खिंडीच्या पायथ्याला बसकण मारशील," तो म्हणाला. "मग सोनीला सांगावा कोण देणार? पाणी?"

ते खरं होतं. तो उतरला.

अकरा वर्षांच्या गंजाने सीटचा नट घट्ट धरला होता. बाबालालने रॉकेल ओतलं, पाना लावला, अंगाचं वजन टाकलं. नट हलेना. वरून बांधाची माती ढासळल्याचा आवाज आला. बायका रडू लागल्या. बाबालालने पाना चिखलात टाकून दिला.

"माझं काम न्हवं हे. तुझा भाऊ हुता. तूच सोड."

केरबाने नटावर हात ठेवला. "दादा, सोनीसाठी," एवढंच म्हणाला आणि भर गावात हमसून रडला. असं म्हणतात, तव्यावरून भाकरी सुटावी तसा तो नट नुसत्या बोटांनी सुटला.

सीट चार बोटं खाली आली, दोन बोटं पुढे सरकली. हँडल उचलून जवळ घेतलं. टाच टेकली, ओळंबा सुटला. सगळ्याला पान जमवून खायला लागतो तेवढाच वेळ लागला, पण गावाचा जीव टांगणीला होता.

"जा आता," बाबालाल म्हणाला.

केरबा निघाला आणि पहिल्यांदा त्याचे पाय पुरले. खिंडीत खडीच खडी, पण हादरे पोलादच गिळत होतं, हातांपर्यंत येतच नव्हते. चढावर तो थांबला नाही. उतारावर मागे धडाड्डदिशी बांध फुटला. असं म्हणतात, पाणी उतारभर त्याच्या मागच्या चाकाला चाटत आलं, पण चाक ओलं झालं नाही आणि सपाटीवर पाणी मागे पडलं.

कोंडमळीत तो घंटा बडवत, ओरडत घुसला. माणसं लेकरं-गुरं घेऊन टेकावर चढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चाळीसही घरं वाहून गेली. माणूस एकही गेलं नाही. सोनाने बापाला विचारलं, "आबा, गुडघं धरलं न्हाईत?" तेव्हा कुठे केरबाला आपल्याला गुडघे आहेत याची आठवण झाली.

बाबालाल जाऊन पिढ्या लोटल्या. पण हिवरखडीत आजही गेलेल्या माणसाची सायकल तशीच कुणी वापरत नाही. तेराव्यानंतर ती मिस्त्रीच्या कट्ट्यावर नेतात. पाना बाजूला ठेवतात. ज्याचं माणूस गेलं, त्यानेच नटाला पहिला हात लावायचा, मग तो भाऊ असो, आई असो की बायको. कितीही वेळ लागला तरी घाई करायची नाही. नट सुटला, की घरचाच माणूस नव्या मालकाला म्हणतो, "बस, आता तुझ्या मापाची करू."