अर्ध्या घाटातला कट्टा

“मग त्या कट्ट्यावर चढून पूजा कशी करत होते, रघू?” बुवांनी विचारले.

रघुनाथ खोपडे मास्तरांना या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. बारा वर्षे खपून त्यांनी उंबरघाटाचा इतिहास लिहिला होता. उद्या पायथ्याच्या गावात प्रकाशन होते. त्याआधी घाटमाथ्यावर राहणाऱ्या केरोबा बुवांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून ते जुन्या बैलवाटेने चढून आले होते.

पुस्तकात सगळे होते. कोकणातले मीठ या वाटेने वर कसे आले, वरचे धान्य खाली कसे गेले, मोटाररस्ता दुसऱ्या अंगाने काढल्यावर वाटेवरचा बाजार कसा उठला. अर्ध्या घाटातल्या दगडी कट्ट्याला तर अख्खे एक प्रकरण होते. लढाईत पडलेल्या वीरांचे ते पूजास्थान, असा मास्तरांचा शोध होता.

“उंची किती म्हणालास?”

“चार फूट दोन इंच. मी स्वतः मोजली.”

“पायरी?”

“पायरी नाही. ती पडून गेली असावी.”

“असावी...” बुवा चुलीतले लाकूड पुढे सारत म्हणाले. “आणि वरच्या कडेचा खळगा?”

“अर्घ्याचा. पाणी सोडून सोडून झिजलाय. लोक तिथे वाटेल ते ठेवायचे, बुवा. म्हणून मी ग्रामपंचायतीकडून कठडा बसवून घेतला. पाटीही लावली.”

“येताना तुझ्याकडे काय होतं?”

“हे एक पुस्तक. झोळीत.”

“खाली किती आहेत?”

“दोनशे. जीपमध्ये.”

“एक गठ्ठा वर आण. डोक्यावर. मग बघू आशीर्वादाचं.”

मास्तर हसले. म्हाताऱ्याची लहर, असे मनाशी म्हणत खाली उतरले.

गठ्ठा चाळीस प्रतींचा होता. ड्रायव्हरने तो उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मास्तरांनी टॉवेलची चुंबळ केली होती, तीही धड जमली नव्हती.

पहिल्या वळणापर्यंत ते प्रकाशनातले भाषण मनात घोळवत होते.

दुसऱ्या वळणावर भाषण विसरले.

तिसऱ्या वळणावर मान आत रुतल्यासारखी झाली. गठ्ठा खाली टाकावा, तर परत डोक्यावर चढवून देणार कोण? तेवढ्यात समोर कट्टा आला. बरोबर छातीइतका उंच. मास्तर काही विचार न करता त्याच्याकडे वळले. दोन पावले पुढे टाकायची, मान जरा वाकवायची, की ओझे आपोआप दगडावर...

छातीला लोखंड लागले.

कठड्याच्या गजांवर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती. ‘पवित्र स्थान. येथे ओझे ठेवू नये.’

“थांबू नका, मास्तर. थांबलं की मान धरते.”

कड्याला पाठ टेकून हौसाबाई उभी होती. वरच्या वाडीतली, सत्तरीला आलेली. डोक्यावर दळणाचे पोते.

“तुम्ही का थांबलात मग?” मास्तरांनी कसेबसे विचारले.

“पाय उचलत नाही. कुणी रिकामा माणूस आला तर घटकाभर उतरवून घेईल. पूर्वी इथं टेकवायचो आम्ही. आता तिथं देव निघाला म्हणे.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही मोजायची फीत घेऊन आलात, वहीत लिहिलंत. शिकलेला माणूस. म्हटलं, असंल.” तिने पोते हाताने सावरले. “तुमच्या आईलाच विचारायचं होतंत, होती तवा. मिठाची पाटी घेऊन यायची. मी नवी नवरी. तिनंच मला दाखवलं, हौसा, कडेला खळगा आहे तिथं टेकव, पाटी घसरत नाही.”

आई वर मीठ विकायला जायची, एवढे त्यांना ठाऊक होते. कुठल्या वाटेने, ते त्यांनी कधी विचारले नव्हते. पुस्तकात तर तिचा उल्लेखच नव्हता.

खळगा गजांच्या पलीकडे होता. त्यांनी त्याची खोली लिहून ठेवली होती. पाऊण इंच.

हौसाबाईच्या तोंडाकडे बघण्याचे त्यांना धैर्य झाले नाही. मान ताठ ठेवून ते पुढे निघाले, जमेल तितके भराभर.

माथ्यावर पोहोचले तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. बुवा उठले. दोन्ही हातांनी गठ्ठा उतरवून घेतला. उघडला मात्र नाही.

मास्तर खाली बसले.

“बुवा... ते प्रकरण काढून टाकतो.”

बुवा कड्याच्या टोकाशी गेले.

“सगळ्या प्रती जाळतो. उद्या येत नाही म्हणून कळवतो.”

बुवा तिथून खालच्या वाटेकडे बघत होते.

“मग मी करू तरी काय?”

“आता तू रिकामा आहेस,” बुवा म्हणाले. “हौसा अजून खालीच उभी आहे.”