आखूड झगा

सन १९८४, डिसेंबरची कडक थंडी. जिल्हा कोर्टात यशवंत शिंपी उभा होता. घटस्फोटानंतर लेक कुंदा आईकडे राहील आणि दर रविवारी बापाला भेटेल, असा हुकूम होता. शिमग्यापासून पोर दाखवलीच नाही, अशी त्याची तक्रार होती.

आईचा वकील म्हणाला, “दर रविवारी भेटवतो. बापालाच माया नाही.” यशवंतने शिवून आणलेला झगा वकिलाने आईशेजारी उभ्या कुंदाच्या अंगाला लावला. “बघा साहेब, तीन बोटं आखूड. लेकीचं मापही ठाऊक नाही याला.”

“शिमग्याचं माप आहे ते,” यशवंत म्हणाला. “दर रविवारी पोर दिसली असती, तर शिंप्याचं माप तीन बोटं चुकलं असतं का, वकीलसाहेब?”

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी बुडालेले चाळीस रविवार मोजून दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंदा चाळीस दिवस बापाकडे राहिली. एकेचाळिसाव्या सकाळी त्याने तिला आईच्या दाराशी नेऊन सोडलं.